किती धरावे, केव्हा सोडावे : हिमावरील पायताणाची निवड

पेठ वडगावच्या माणसाला पाऊस कळतो. मृगाची सर कोणती आणि वळवाची कोणती, हे तो मातीच्या वासावरून सांगतो. रानात वाफसा आला की नाही, हे ढेकूळ मुठीत दाबून ओळखतो. हिम ओळखण्याची वेळ मात्र आपल्या पंचक्रोशीवर आजवर आली नव्हती. सियाचीन-कारगिलच्या पहाऱ्यावर राहून आलेले कोल्हापूर जिल्ह्यातील जवान तेवढे त्याला अपवाद होते. १९४८ पासून गुलमर्ग येथे असलेल्या सैन्याच्या हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये जवानांना हिमावर चालण्याचे आणि स्कीवरून घसरत जाण्याचे शिक्षण दिले जाते.

आता काळ पालटला आहे. शिक्षण-नोकरीनिमित्त आपल्या समाजातील मुलेमुली जर्मनी, स्वित्झर्लंड, कॅनडा, अमेरिका येथे स्थिरावली आहेत. इथली तरुण मंडळीही जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्ग, औली, सोलांग येथील प्रशिक्षणवर्गांना जातात. मग एखाद्या रविवारी दूरध्वनी येतो, ‘बाबा, यंदा स्वतःची स्की घ्यावी म्हणतो.’ इकडे घरातील वडीलधारी काळजीत पडतात. पाय मोडणार तर नाही ना? एवढा खर्च कशासाठी? आणि आपल्या आचाराला हे चालते का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बव्हंशी साधनांच्या निवडीत दडलेली आहेत. म्हणून त्या निवडीचा विचार येथे सविस्तर करावयाचा आहे.

आचाराचा प्रश्न आधी

आपल्या शास्त्रांत दव, धुके, गारा यांच्याबरोबर हिमाचीही गणना अप्कायिक जीवांत केलेली आहे. श्रावकाला स्थावर जीवांची हिंसा संपूर्णपणे टाळता येत नाही. निष्प्रयोजन हिंसा टाळावी, असे अनर्थदंडविरतीचे व्रत त्याला सांगते. केवळ मौजेसाठी हिमावर जावे काय, हा प्रश्न त्यामुळे अप्रस्तुत नाही. त्याचा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्या धारणेप्रमाणे आणि आपल्या गुरुजनांच्या मार्गदर्शनाने घ्यावा. मात्र जो जाणार आहे, त्याने विवेकाने जावे आणि विवेकानेच साधने निवडावीत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

हा विवेक दुकानात कसा पाळावयाचा? स्कीच्या आत पॉपलर किंवा अॅशसारख्या झाडाच्या लाकडाचा गाभा असतो. त्यावर काचतंतूंचे थर राळेने चिकटवलेले असतात, तळाला पॉलिथिलीन आणि दोन्ही बाजूंना पोलादी कडा असतात. बूट प्लॅस्टिकचे असून आत फोमचे अस्तर असते. म्हणजे मुख्य साधनांत चामड्याचे फारसे काम नाही. खरी सावधगिरी अवतीभवतीच्या वस्तूंत हवी. हातमोज्यांच्या तळव्याला बहुधा बकऱ्याचे कातडे असते. उबदार जाकिटांत भरलेली पिसे बहुतांशी मांसासाठी मारलेल्या बदकांची आणि हंसांची असतात. कृत्रिम कातड्याचे मोजे आणि पॉलिस्टरचे भरण असलेली जाकिटे सर्वत्र मिळतात. ओल्या हिमात पिसे भिजून त्यांची ऊब जाते, पॉलिस्टरची टिकते. म्हणजे येथे आचार आणि सोय एकाच बाजूला आहेत.

चढ चढताना स्कीच्या तळाला ज्या केसाळ पट्ट्या लावतात, त्या पूर्वी सील नावाच्या समुद्री प्राण्याच्या कातड्याच्या असत. आज त्या नायलॉनच्या किंवा अंगोरा शेळीच्या लोकरीच्या असतात. पाकिटावर ‘मोहेर’ असे लिहिले असेल तर ती ही लोकर होय. स्कीच्या तळाला चोळावयाचे मेण सहसा पॅराफिनचे असते, परंतु ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मेणांत मधमाश्यांचे मेण मिसळलेले असते. फ्लुओरिनयुक्त मेण तर टाळावेच. ते माती-पाण्यात जाऊन दीर्घकाळ नष्ट होत नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानेही २०२३-२४ च्या हंगामापासून आपल्या स्पर्धांत त्यावर बंदी घातली आहे.

हिमाचाही वाफसा असतो

दुकानात गेल्यावर विक्रेता विचारतो, ‘कोणती स्की दाखवू?’ त्याआधी आपण स्वतःला विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : आपण कोणत्या हिमावर जाणार? ओल्या रानात औत घातले तर ढेकळे उठतात, आणि वाफसा उडून गेला की कुळवाची पासच शिरत नाही. अवजार तेच असते. जमीन बदललेली असते. हिमाचेही तसेच आहे.

नुकतेच पडलेले कोरडे हिम कापसासारखे असते. त्याच्या एका घनमीटरचे वजन साधारण ५० ते १०० किलो भरते. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावरील हिम ४०० ते ५०० किलोपर्यंत जाते, आणि निखळ बर्फाचे वजन ९१७ किलो. एकाच डोंगरावर, एकाच दिवशी या सर्व अवस्था भेटू शकतात. पहाटे रात्रीच्या थंडीने गोठलेला, टणक पृष्ठभाग. दहा-अकराच्या सुमारास वरचा थर किंचित मऊ होऊन उत्तम चाल. दुपारी उन्हाने ओले, जड, चिखलासारखे हिम. सावलीच्या बाजूला भुसभुशीत थर तसाच राहतो. कोठे वरचा पापुद्रा कडक आणि खाली पोकळ, तर कोठे अनेकांनी तुडवून केलेले उंचसखल ढीग.

स्कीचे मूळ काम वजन पसरण्याचे. सत्तर किलोचा माणूस दोन पायांवर उभा राहिला तर त्याच्या तळव्यांखाली दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १७५ ग्रॅमचा भार येतो. मध्यम मापाच्या दोन स्कींवर तोच भार सुमारे २३ ग्रॅमवर येतो. म्हणून मऊ हिमात पाय रुततो आणि स्की तरंगते. स्की जितकी रुंद तितकी ती अधिक तरंगणार, हे उघड आहे. परंतु टणक हिमावर तरंगण्याला काही अर्थ नाही; तेथे पोलादी कड हिमात चावली पाहिजे. रुंद स्की कडेवर उभी करण्यास वेळ आणि जोर अधिक लागतो, आणि तो ताण गुडघा सोसतो.

ही रुंदी स्कीच्या मधल्या, सर्वांत अरुंद भागाला मोजतात आणि मिलिमीटरमध्ये सांगतात. ६५ ते ८० मिलिमीटरची स्की दाबलेल्या व गोठलेल्या उतारासाठी. ८० ते ९५ ची सर्वसाधारण मिश्र हिमासाठी. ९५ ते ११० ची जेथे ताजे, खोल हिम वारंवार मिळते तेथे. आणि त्याहून रुंद केवळ भुसभुशीत हिमासाठी. या सीमारेषा काटेकोर नाहीत, पण निवडीला दिशा देतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडील डोंगरांत थंडी आणि पाऊस आलटून पालटून येतात, म्हणून पृष्ठभाग बहुधा टणक. तेथे ८० ते ८८ पुरे. रॉकी पर्वतात हिम कोरडे आणि विपुल, तेथे ९५ ते १०५ शोभते. आल्प्समध्ये बहुतेक मंडळी दाबलेल्या उतारांवरच असतात, म्हणून ८२ ते ९२ च्या आसपास राहावे. गुलमर्गच्या खालच्या, सरावाच्या उतारांवर अरुंद स्की उत्तम. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या माथ्याकडे गेल्यावर खोल, न दाबलेले हिम लागते. तेथे १०० हून रुंद स्की हवी.

त्या माथ्याविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर झालेल्या हिमस्खलनात पोलंडच्या दोन स्कीयरांना प्राण गमवावे लागले. उत्तम स्की घेतली म्हणून हिमस्खलन थांबत नाही. न दाबलेल्या उतारावर स्थानिक जाणकार वाटाड्या, शोधयंत्र, फावडे व शोधकाठी यांवाचून, आणि त्या दिवसाची हिमस्खलनाची सूचना वाचल्यावाचून पाऊल टाकू नये. शिकाऊ माणसाने तेथे जाऊच नये.

रुंदीनंतर बाक. स्की जमिनीवर ठेवली असता मधला भाग किंचित उचललेला असेल तर त्यास कॅम्बर म्हणतात. शरीराचे वजन पडल्यावर ती पूर्ण लांबीने टेकते आणि कड टणक हिमात घट्ट धरते. पुढचे टोक लवकर वर वळलेले असेल तर त्यास रॉकर म्हणतात; ते खोल हिमात रुतत नाही आणि वळणे सोपी करते. मिश्र हिमासाठी पायाखाली कॅम्बर आणि टोकाला थोडा रॉकर ही जोडी बहुतेकांना मानवते. लांबी नवशिक्याने हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान घ्यावी. सराव झाल्यावर कपाळापर्यंत किंवा डोक्याएवढी. वजनाने भारी माणसाने थोडी लांब, हलक्याने थोडी आखूड.

एक जोडी की चार?

आता परिग्रहाचा प्रश्न. हौशी मंडळी प्रत्येक हिमासाठी वेगळी जोडी बाळगतात आणि त्या संग्रहाचा अभिमानही बाळगतात. वर्षातून सहा-आठ दिवस हिमावर जाणाऱ्याला त्याची गरज नाही. आपल्या व्रतांत भोगोपभोगपरिमाण सांगितले आहे. अन्नासारखी एकदाच उपयोगी पडणारी वस्तू तो भोग, आणि वस्त्रासारखी पुनःपुन्हा वापरावयाची वस्तू तो उपभोग. दोहोंची मर्यादा आपली आपण ठरवावयाची. स्की ही उपभोगाची वस्तू. ज्या हिमावर आपले दहातले आठ दिवस जाणार, त्यासाठी एक जोडी घ्यावी. उरलेल्या दोन दिवसांत त्या जोडीची उणीव कौशल्याने भरून काढावी किंवा त्या दिवसापुरती दुसरी भाड्याने घ्यावी. आयुष्यात एकदाच पडणाऱ्या खोल हिमाचे स्वप्न पाहून रुंद स्की घेणारा माणूस पुढे वर्षानुवर्षे टणक उतारावर गुडघे झिजवीत बसतो.

त्याहून चांगले म्हणजे आरंभीचे दोन-तीन हंगाम काहीच विकत न घेणे. भाड्याच्या साधनांवर आपले वळण, आपला वेग आणि आपली भीती कळते. पैसे खर्च करावयाचेच असतील तर पहिल्यांदा बुटांवर करावेत, कारण पायाला न बसणारा बूट उत्तम स्कीलाही निकामी करतो. बूट सेंटिमीटरच्या मापात मोजून घ्यावा आणि आत एकच पातळ मोजा घालावा. थंडी वाजते म्हणून दोन मोजे घातले तर रक्ताभिसरण अडते आणि पाय अधिकच गारठतात.

मुलांच्या बाबतीत एक सवय आवर्जून मोडावी लागते. आपण मुलांना कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घेतो, आणि त्यात शहाणपणही आहे. स्कीच्या बुटात मात्र तो धोका आहे. सैल बुटात पाय फिरतो आणि स्कीवरचा ताबा जातो. वाढत्या मुलासाठी दर हंगामाला भाड्याचे साधन हाच मार्ग.

पकड जी सुटण्यासाठी असते

आतापर्यंत स्कीविषयी बोललो. पाय वाचतो तो मात्र स्की आणि बूट यांना जोडणाऱ्या बाइंडिंगमुळे. दुकानात लोक स्कीच्या रंगावर तासभर बोलतात आणि बाइंडिंगकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

पूर्वीची बाइंडिंग पायाला स्कीशी जखडून टाकीत. पडताना स्की हिमात अडकली की ती लांब फळी तरफेसारखी फिरे आणि नडगीचे हाड पिळवटून मोडे. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात स्थायिक झालेल्या याल्मार ह्वाम या स्कीपटूचा पाय १९३७ मध्ये माउंट हूडवर असाच मोडला. रुग्णालयात असतानाच त्याला वेळेवर सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना सुचली आणि १९३९ मध्ये त्याने तिचे पेटंट मिळवले. घट्ट धरण्याच्या साधनात सुटण्याची सोय करावी, ही त्या कल्पनेची थोरवी.

आजच्या बाइंडिंगचा पुढचा जबडा चवड्याला धरतो आणि पिळवटणारा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बाजूला उघडतो. मागचा भाग टाचेला धरतो आणि माणूस पुढे तोंडघशी जाऊ लागला की वर उघडतो. ही मर्यादा एका अंकाने ठरवतात, त्यास ‘डिन’ म्हणतात. अंक जितका मोठा तितकी पकड घट्ट. तो मनाने लावावयाचा नसतो. आयएसओ ११०८८ या आंतरराष्ट्रीय मानकातील तक्त्यावरून तो काढतात, आणि त्यासाठी पाच गोष्टी सांगाव्या लागतात : वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत.

या पाचांपैकी बुटाची लांबी मोजून कळते. उरलेल्या चार गोष्टी आपल्या तोंडच्या शब्दावर अवलंबून असतात, आणि घोळ नेमका येथे होतो. कोणी वजन चार किलोंनी कमी सांगतो, कोणी दहा वर्षांपूर्वीचे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यास मानक एक पायरी सैल अंक देते, कारण हाडे तेवढी चिवट राहिलेली नसतात. दहा वर्षांखालील मुलांनाही तीच सवलत. तेथे वय लपवणे म्हणजे स्वतःच्या हाडांशी खोटे बोलणे. पद्धतीचे तीन वर्ग असतात : सावकाश जाणारा, मध्यम आणि आक्रमक. मित्रमंडळी शेजारी उभी असताना ‘मी पहिल्या वर्गातला’ असे म्हणणे अनेकांना कमीपणाचे वाटते. मग अंक चढतो आणि पडण्याच्या क्षणी पकड सुटत नाही. उलट अंक फार खाली ठेवला तर वेगात, भलत्याच जागी स्की निघून जाते. तेही तितकेच घातक. सत्याणुव्रताचा इतका रोकडा प्रत्यय दुसऱ्या कोठे क्वचितच येत असेल.

हिमाच्या प्रकारावरून अंक वरखाली करण्याचा मोहही टाळावा. जड, ओल्या हिमात स्की अडकते आणि सावकाश पडतानाही पाय पिळवटतो. तेथे अंक वाढवणे तर आत्मघातच. अंक माणसाचा असतो, हिमाचा नव्हे. हिम बदलले तर वेग बदलावा.

जुळवणीच्या आणखी काही गोष्टी आहेत. बुटांचे तळवे आता अनेक तऱ्हेचे निघाले आहेत : जुना सपाट अल्पाइन तळवा, चालण्यास सोपा असा किंचित वळलेला ग्रिपवॉक तळवा, आणि चढाईच्या बुटांचा वेगळा तळवा. प्रत्येक बाइंडिंग प्रत्येक तळव्याला चालत नाही. बूट आत बसला म्हणजे जुळला असे नव्हे. सुटताना घासून अडला तर सारे व्यर्थ. म्हणून बूट व बाइंडिंग या दोहोंवरील खुणा जुळवून पाहाव्यात. जुने बाइंडिंग आणि नवा बूट ही जोडी विशेष तपासून घ्यावी. बाइंडिंगला खाली उतरणारे दोन ब्रेक असतात. स्की सुटल्यावर ती उतारावरून धावत जाऊन दुसऱ्याला लागू नये, हे त्यांचे काम. त्यांची रुंदी स्कीच्या मधल्या रुंदीएवढी किंवा तिच्याहून थोडी, सुमारे दहा-पंधरा मिलिमीटरपर्यंत, अधिक असावी. चढाईसाठीची खुंटीची बाइंडिंग वजनाला हलकी असतात. परंतु जो दिवसभर यांत्रिक पाळण्याने वर जाऊन खाली येणार, त्याने केवळ हलकेपणाला भुलून ती घेऊ नयेत.

बाइंडिंग लावणे आणि तपासणे हे प्रशिक्षित कारागिराचे काम आहे. तो यंत्रावर जोर देऊन ते ठरलेल्या मर्यादेलाच सुटते का हे पाहतो. दर हंगामाच्या आरंभी ही तपासणी करून घ्यावी. बूट नवा घेतला, वजनात मोठा फरक पडला किंवा वयाचा टप्पा ओलांडला तरी पुन्हा करावी. रोजचे काम साधे आहे : स्कीवर चढण्यापूर्वी बुटाच्या तळव्याचे हिम काठीने झाडून टाकावे. चवड्याखाली साचलेला हिमाचा गोळा सुटण्याचा सारा हिशेब बिघडवतो.

आणि तरीही बाइंडिंग सर्व काही वाचवत नाही. अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्यात शुगरबुश येथे १९७२ पासून तीन संशोधकांनी स्कीयरांच्या दुखापतींची दीर्घकाळ नोंद ठेवली. एटलिंगर, जॉन्सन आणि शीली ही त्यांची नावे. सुधारलेल्या बाइंडिंगमुळे नडगीचे अस्थिभंग लक्षणीय घटले, असे त्यातून दिसून आले. गुडघ्यातील पुढच्या अस्थिबंधाच्या, म्हणजे ज्याला डॉक्टर लिगामेंट म्हणतात त्याच्या दुखापती मात्र त्या प्रमाणात घटल्या नाहीत. मागे बसल्यासारखे पडताना गुडघ्यावर येणारा पीळ बाइंडिंगला जाणवतोच असे नाही. म्हणून हात पुढे ठेवावेत, तोल मागे जाऊ देऊ नये, आणि पडलोच तर घसरणे पुरते थांबेपर्यंत उठण्याची धडपड करू नये. सर्व पकड यंत्रावर सोपवता येत नाही. थोडी स्वतः सोडावी लागते.

घरच्यांनी काय विचारावे

वडगावात बसून दूरच्या डोंगरावरील मुलाची स्की आपण पाहू शकत नाही. रंग, कंपनी, किंमत यांवर वाद घालण्यातही अर्थ नाही. पण वडीलधाऱ्यांनी दूरध्वनीवर दोन-तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. बाइंडिंग या हंगामात तपासून घेतले का? दुकानात वजन आणि वय खरे सांगितले का? बूट मापाचा आहे की पुढच्या वर्षाचा? पहिल्या दोन दिवसांत शिक्षक बरोबर आहे का? डोक्यावर हेल्मेट आहे का? हिवाळ्यात उतारावरील पाळणे साधारण चारच्या सुमारास बंद होतात, म्हणजे सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियमही सहज पाळता येतो; तेही जाता जाता आठवण करून द्यावे.

एवढ्या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली, तर त्या दिवशी निर्धास्त झोपावे.